क्रमवारी नको, चाळणं चालेल

कोल्हापुरात राजारामपुरीतला एक विद्यार्थी बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लिहितोय आणि त्याला अहवाल मराठीत द्यायचाय. त्याचा प्रश्न असा: ‘मूव्ह ऑर्डरिंग’ला ‘चालींची क्रमवारी’ म्हणावं की ‘चालींचा अनुक्रम’?

दोन्ही नकोत. क्रमवारी निकालानंतर लागते. इथे निकाल अजून लागायचा असतो, कोणती चाल आधी तपासायची एवढाच अंदाज बांधायचा असतो. प्याद्याने वजीर मारता येत असेल तर ते आधी बघा, वजिराने प्यादं मारायचं मागाहून. अनुक्रम तर साफ चुकीचा. तो एकामागून एक खेळलेल्या चालींचा असतो, एकाच स्थितीतल्या पर्यायी चालींचा नव्हे. ‘अग्रक्रम’ म्हणा.

खरी गंमत ‘सर्च’मध्ये, म्हणजे इंजिन पुढच्या चाली तपासत जातं त्या कामात, आहे. सगळे डोळे मिटून ‘शोध’ लिहितात. हरवलेल्या म्हशीचा शोध घेतात. इंजिन चाली *चाळतं*. आणि चाल नि चाळणं ही सख्खी भावंडं आहेत! दोन्हींचं मूळ संस्कृत ‘चल्’. प्राकृतात एकाचं ‘चल्लइ’ झालं, दुसऱ्याचं ‘चालेइ’. प्राकृतातला जोड ‘ल्ल’ मराठीत ‘ल’ होऊन उरतो, एकटा ‘ल’ मात्र ‘ळ’ होतो. म्हणून फुल्लचं फूल, पण फलचं फळ. तेल्लचं तेल, पण कालचा काळ. बुद्धिबळातलं ‘बळ’ही ‘बल’वरूनच, याच वाटेने आलेलं. म्हणजे ‘चाली चाळणे’ म्हणताना एकच धातू दोन पोशाखांत शेजारी उभा राहतो. असा शब्दप्रयोग आयता हाताशी असताना ‘शोधप्रक्रिया’ लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

यावर एका पंडितांचा आक्षेप असा, की चाळणे म्हणजे कोंडा वेगळा काढणे, आणि सर्च काही टाकून देत नाही. या गृहस्थांनी कधी पुस्तक चाळलेलं दिसत नाही. चाळलेल्या पुस्तकाची पानं कोणी उकिरड्यावर नेत नाही.

टाकण्याचं काम छाटणीचं, ‘अल्फा-बीटा’ नावाच्या रीतीचं, आणि तिथेही घोळ आहेच. ‘अल्फा-बीटा वाईट चाली छाटतं’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. चाल किती वाईट हे त्याला मोजायचंच नसतं. गंगावेशीतल्या तालमीत विचारा: डावाला एक तोड सापडली की तो डाव बाद, दुसरी तोड कशाला हुडकायची? अल्फा-बीटा नेमकं हेच करतं. म्हणून ‘रेफ्युटेशन’ला, म्हणजे चाल फोल ठरवणाऱ्या उत्तराला, ‘खंडन’ नको, ‘तोड’च म्हणा. उत्तर सगळ्या चाली तपासल्यावर आलं असतं तेच येतं, फक्त कष्ट वाचतात. आणि तोड आधी हाती लागली तरच वाचतात. एका स्थितीत सरासरी 35 चाली धरल्या तर चार चाली खोल जाताना, दोन्ही बाजूंच्या मिळून, शेवटी 15,00,625 स्थिती होतात. अग्रक्रम अचूक लागला तर त्यातल्या 2,449 बघून भागतं. हा हिशेब संगणकशास्त्रज्ञ नूथ आणि मूर यांनी 1975 साली मांडलाय. क्रम उलटा लागला तर बचत शून्य.

याच हिशेबातली ‘किलर मूव्ह’ एका टिपणात ‘मारक चाल’ म्हणून भेटली आणि कपाळावर हात मारला. शेजारच्या फांदीत, म्हणजे त्याच जागी दुसरी चाल खेळल्यावर, जिने तोड दिली ती चाल इथेही आधी करून बघायची, इतकाच तिचा अर्थ. मराठी बुद्धिबळात मारणं म्हणजे मोहरा उचलणं, आणि ही चाल तर बहुधा काहीच मारत नाही. मारामारीच्या चालींना वेगळा अग्रक्रम असतोच, किलर चालींची यादी मुकाट चालींसाठी ठेवतात. ‘हुकमी तोड’ लिहा आणि पुढच्या प्रकरणाला लागा.