अपघातानंतर नवरा बाहेर हसतो-बोलतो आणि घरी आला की दुखतंय म्हणून पडून राहतो. खरंच दुखत असेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दहा महिन्यांपूर्वी मोटरसायकल घसरून नवऱ्याचा उजवा हात लुळा पडला. हाताला चिमटा काढला तरी कळत नाही, पण तो रात्रभर 'जळतोय, जळतोय' करतो. पारावर मित्रांत तासभर खिदळतो आणि घरात पाय टाकला की भिंतीकडे तोंड करून पडतो. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत. तुम्ही विचारताय, खरंच दुखत असेल, की राग काढायला मीच सापडले?

दुखतं. आणि राग काढायलाही तुम्हीच सापडलात. दोन्ही खरं आहे. हे मी छातीठोक सांगतो, कारण तो नवरा मीच आहे, फक्त तुमच्या माणसापेक्षा काही वर्षं पुढे निघून आलेला.

मी चोपडा तालुक्यातला, केळी आणि कापूस. २०१७ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर अंधारात कापसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. डोकं एका बाजूला गेलं, खांदा दुसऱ्या बाजूला. मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच नसांचा जुडगा असतो, डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. तो ताणला गेला आणि त्यातल्या काही नसा मणक्यातूनच उपटून आल्या. हात राहिला, पण दोरीला बांधलेल्या दुधीसारखा.

बाकीचं सांगण्याआधी एक घाईचं. तुम्ही लिहिलंय की डॉक्टर म्हणाले 'हळूहळू येईल'. मलाही हेच सांगितलं होतं. हासळीचं हाड जुळलं, फोटो बघून शाबासकी मिळाली आणि हाताचं काय, तर सूज उतरली की येईल. असे माझे चार महिने गेले. नसांचं ऑपरेशन पहिल्या सहा महिन्यांत झालं तर सगळ्यात बरं. वर्ष उलटलं की स्नायू वाळत जातो आणि मग नस जोडूनही तो उठत नाही. तुमचे दहा झालेत. एमआरआय आणि ईएमजी-एनसीव्ही (नसा-स्नायूंत करंट कसा धावतो ते बघायची तपासणी) झालं नसेल तर करून घ्या आणि या नसांचीच ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला दाखवा, याच आठवड्यात. साधं हाडाचं दुकान नको. वेळ निघून गेली असं ते म्हणाले तर दुसरीकडचा स्नायू आणून बसवायचाही मार्ग असतो, तेही विचारा.

आता दुखण्याचं. माझी आई म्हणायची, "हात ते मरेल शे, मंग दुखस कसा?" म्हणजे हात तर मेलाय, मग दुखतो कसा? तिचा दोष नाही, मलाही कळत नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी आमच्या भाषेत सांगतो. वादळात खांबावरची तार तुटली. घरात अंधार, पंखा बंद, बटण दाबून उपयोग नाही. पण तिकडे डीपीत ठिणग्या उडतायत. नस उपटली की मणक्यातल्या ज्या पेशींकडे हाताचा निरोप यायचा त्यांच्याकडे काहीच येत नाही, मग त्या आपणहून पेटतात. मेंदूला वाटतं, हातच पेटलाय. म्हणून हात बधिर आणि तरी भट्टीत. शिवाय मधूनच करंट लागतो, बोटं कोणी उलटी पिळतंय असा. तो येतो तेव्हा माणूस बोलता बोलता थांबतो. तुमचा थांबतो का बघा. मित्रांतही थांबत असेल, पण तिथे तो तंबाखू मळायचं निमित्त करत असेल.

राहिलं मित्रांतलं हसणं. याने आमचा संसार जवळजवळ बुडवला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या दुखण्याला लक्ष लागतं. लक्ष दुसरीकडे गेलं की ते खरोखर कमी होतं. केळीच्या भावावरून व्यापाऱ्याशी भांडताना माझा हात अर्धाच दुखायचा. लोक बघायचे आणि म्हणायचे, दुखत असतं तर असा तावातावाने बोलला असता का? आणि घरी? घरी शांतता. खाट, पंखा आणि हात. तासभर ज्याला दूर ठेवलं तो दारात वाटच बघत असायचा. त्यात बाहेर हसण्यात जी ताकद खर्ची पडली तिचा हिशोब घरात चुकता व्हायचा. बायकोला मात्र एवढंच दिसायचं की सगळ्या गावासाठी याच्याकडे हसू आहे, माझ्या वाट्याला पाठ.

मी तिला हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. दीड वर्ष मी 'काही नाही' हे दोनच शब्द बोललो.

फुटलं ते भाकरीवरून. कळण्याची भाकरी एका हाताने मोडून बघा, तेही डाव्या. ताट सरकतं, वाटी कलंडते. पाहुणे आले होते, हिने माझी अडचण पाहिली आणि न विचारता माझ्या ताटात भाकरी कुस्करून, वरून आमटी घालून काला करून दिला. लहान पोराला देतात तसा. मी ताट फेकलं. पाहुण्यांसमोर. ती काही बोलली नाही, खाली बसून आमटी पुसली. त्या रात्री मी पहिल्यांदा तिला सांगितलं की हात कसा दुखतो, आणि तिने पहिल्यांदा सांगितलं की ती माझ्या चेहऱ्याकडे बघून दिवस कसा जाणार ते ठरवते आणि तिला आता त्याचा कंटाळा आलाय.

डॉक्टर विचारायचे, शून्य ते दहात किती दुखतं? मी दरवेळी दहा म्हणायचो, काय बोलणार. पण आपण खान्देशची माणसं, आपल्याला उन्हाचा आकडा कळतो. भुसावळला बेचाळीस म्हटलं की कोणालाही समजतं काय ते. तेव्हापासून आमच्याकडे दुखणं अंशांत मोजतात. अडतीस म्हणजे आहे, पण बोला. बेचाळीस म्हणजे कामं होतील, डोकं खाऊ नका. पंचेचाळीसच्या वर दारं-खिडक्या लावून घ्या, मला एकटं सोडा, आणि हे तुमच्यावर नाही. ती एका शब्दात विचारते, "कितलं?" मी आकडा सांगतो. संपलं. चेहरा वाचायची तिची नोकरी गेली. गंमत अशी की हे दुखणं थंडीत वाढतं, त्यामुळे जानेवारीत बाहेर पारा दहावर आणि आमच्या घरात सेहेचाळीस. पोरगी शाळेत सांगून आली की आमच्या पप्पांचा उन्हाळा हिवाळ्यात असतो.

गोळ्यांचं थोडक्यात. पहिले कित्येक महिने मी गावात रोज डायक्लोफिनॅक टोचून घेत होतो. नसेच्या जळजळीवर त्याचा फारसा उपयोग नाही, पोट आणि किडनीला मात्र धोका. यावर चालतात त्या गोळ्या वेगळ्या, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशा. यातल्या काही मुळात उदासीवरच्या आहेत. मेडिकलवाल्याने ते बोलून दाखवलं आणि आठवड्यात गल्लीभर झालं की याला वेडाच्या गोळ्या चालू आहेत. चालू द्या. सुरुवातीला गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं, महिनाभर मी कोंबडीसारखा डुलत होतो. डोस हळूहळू चढवतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. मी केल्या होत्या. तीन रात्री झोप नाही. गोळ्यांनी माझं दुखणं गेलं नाही, पण पंचेचाळीसचं बेचाळीस झालं, आणि त्या तीन अंशांत संसार करता येतो.

बधिर हाताला शेक मात्र देऊ नका. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, काही नाही. भरीताची वांगी भाजताना माझा हात विस्तवाजवळ टेकला होता, मला कळलं ते वासाने. आधी वाटलं वांगंच करपलं.

माझं ऑपरेशन २०१८ च्या एप्रिलमध्ये झालं. बरगड्यांमधल्या, श्वास घेताना छाती हलवणाऱ्या तीन नसा काढून दंडाच्या स्नायूला जोडल्या. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. म्हणजे लावलं आणि विसरलं. कोपर मी रोज बघायचो, बी टोचून ओंजळभर पाणी घालून बसणाऱ्या पोरासारखा. आठ-नऊ महिने काही नाही. मग जानेवारीत एका संध्याकाळी हिने फौजदारी डाळीला लाल मिरच्यांची फोडणी दिली, घरभर धूर, मला जोराचा ठसका लागला आणि हिने पळी तशीच धरून किंचाळून सांगितलं, "अहो, हात हलला!" मी म्हटलं खोकल्याने सगळंच अंग हललं. ती म्हणाली, नाही, दंडात बेडकी उठली. परत खोका. मी खोकलो. बेडकी उठली. श्वासाची नस होती ना, श्वासाबरोबरच जागी झाली. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे रोज फोडणी जास्तच झणझणीत पडायची. पुढे व्यायाम असाच, खोल श्वास घ्यायचा आणि कोपर उचलायचं. आता श्वास न घेताही वाकतं. पिशवी कोपरात अडकवता येते, कागद धरून ठेवता येतो. बोटं नाहीत आली, येणारही नाहीत. हे मी आता डाव्या अंगठ्याने लिहितोय.

तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्नाच्या शेवटी 'आम्ही एका खोलीत असून नसल्यासारखे' असं लिहिलंय, म्हणून सांगतो. अपघातानंतर ही खाली चटईवर झोपायची. मला वाटायचं हिला माझ्या वाळत चाललेल्या हाताची किळस येते. तिला वाटायचं झोपेत धक्का लागला तर मी ओरडेन. दोघं एकमेकांच्या भीतीने दोन वर्षं वेगळे. बोलायला कोण जाणार, शेजारच्या खोलीत आई-अण्णा. शेवटी उपाय निघाला तो हसण्यासारखा. मी खाटेच्या उजव्या कडेला असायचो, म्हणजे दुखरा हात बाहेरच्या बाजूला, आणि तिला चांगल्या बाजूला जायला भिंतीतून यावं लागलं असतं. आम्ही खाटच फिरवली. दुखरा हात भिंतीकडे, खाली उशी, आणि चांगली बाजू तिच्याकडे. बाकीचं लगेच जमलं असं नाही. गोळ्यांनी इच्छा मंदावते, आणि डॉक्टरला ते सांगितलं तर गोळी किंवा वेळ बदलून देतात. मला ते विचारायला वर्ष लागलं. तुमच्या नवऱ्याला लाज वाटत असेल तर तुम्ही विचारा.

आणि तुमचं काय? प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलीय, की पाठ दुखते आणि झोप होत नाही. ती ओळ वाचून मला आमचं घर आठवलं. पहिल्या वर्षी ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली नाही. खान्देशातली बाई आखाजीला माहेरी नाही, झोका नाही, गौराईची गाणी नाहीत, यावरून समजा. दुसऱ्या वर्षी तिच्या भावाला मी फोन करून बोलावलं, न्यायला या. ती जाताना तीनदा मागे वळली. चार दिवस मी एका हाताने चहा केला, दूध उतू घातलं, शर्टाचं बटण पायाच्या अंगठ्यात धरून लावायचा प्रयत्न केला आणि हरलो, बनियनवर फिरलो. आई दोनदा रागावली, एकदा हसली. तिथे ही पहिल्या दिवशी चौदा तास झोपली, असं मेहुण्याने सांगितलं.

कागदपत्रांचं काम सासूबाईंना सांगू नका, नवऱ्यालाही सध्या नको, तुम्हीच धरा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं की एसटीत भाडं पाव लागतं. बायकांना अर्धं आहेच, त्यामुळे आम्ही जळगावला तपासणीला जातो तेव्हा दोघं मिळून पाऊण तिकिटात जातो. अपघातात दुसरं वाहन असेल तर भरपाईच्या दाव्याचं वकिलाला लगेच विचारा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तुमची तारीख उलटलीय, तेव्हा काय करता येईल ते तोच सांगेल. एफआयआर, पंचनामा, बिलं, सगळं एका पिशवीत ठेवा.

पूर्वीसारखं होईल का, असंही विचारलंय. माझं झालं नाही. मी व्हॉलीबॉल खेळायचो, आता ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवतो आणि भाव ठरवतो. आज सकाळी एक्केचाळीस होतं, आत्ता चव्वेचाळीस असेल, बसून लिहिल्यामुळे खांदा ओढलाय.

बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, ताटाचं लिहिलं ते ठीक, पण त्यांना हेही सांगा की पुढच्या वर्षी एक ताट मीपण फेकलं होतं. फेकलं होतं. त्यात शेवभाजी होती. ताटाला पोचा आहे अजून, माझ्याच जेवणाला येतं ते, पोचा आल्यापासून सरकत नाही.