ग्राफिक कादंबऱ्या: सुरुवात कुठून करशील?

समलिंगी पात्रं आणि बायका नीट उभ्या केलेलं काही वाचायचंय ना? मग ग्राफिक कादंबऱ्यांच्या, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींच्या, लांबलचक याद्या बाजूला ठेव आणि अमेरिकन चित्रकथाकार ॲलिसन बेक्डेलचं आत्मकथन 'फन होम' (2006) उचल. तिचे वडील इंग्रजीचे शिक्षक, घरचा अंत्यविधीचा व्यवसाय, आणि वडिलांनी जन्मभर दडवलेलं समलिंगीपण. मध्यावर दोन पानं भरून एकच चित्र आहे: वडिलांनी काढलेला, पलंगावर पहुडलेल्या तरुणाचा फोटो, आणि तो धरलेली लेकीची बोटं. तिथे घाई करू नकोस. आपण बापाच्या नजरेने बघतोय की मुलीच्या, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

प्रसिद्ध 'बेक्डेल चाचणी' तिच्याच 1985 च्या चित्रपट्टीतली. सिनेमात दोन बायका एकमेकींशी पुरुष सोडून इतर विषयावर बोलतात का, एवढंच ती बघते. लोक त्या चाचणीवरून गुण देत बसतात. मला ते काही पटत नाही.

सुपरहिरो वाचणार असशील तर 1954 चा कॉमिक्स कोड, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समध्ये काय चालेल याची नियमावली, माहीत हवा. त्यात समलिंगी संबंधांचा इशाराही चालत नसे. नॉर्थस्टार या सुपरहिरोला 'मी गे आहे' म्हणायला 1992 उजाडलं. बायकांचं दुखणं वेगळं. 1994 च्या 'ग्रीन लँटर्न' या सुपरहिरो कॉमिक्समध्ये नायकाला त्याच्या प्रेयसीचं प्रेत चक्क फ्रीजमध्ये सापडतं. नायकाला चेव यावा म्हणून तिचा बळी! अशा बायकांची यादीच कॉमिक्स लेखिका गेल सिमोनने 1999 मध्ये केली.

आपल्याकडचं हवं तर अमृता पाटीलचं 'कारी' (2008) घे. कारी जाहिरात कंपनीत राबते, रूथवर प्रेम करते, आणि त्याचं स्पष्टीकरण कुणाला देत बसत नाही. इंग्रजीत आहे, पण जड नाही. मिळालं नाही तर सांग, माझी प्रत देतो.