महागडा पेडल की कॉपी?

भाऊ, कापसाचे पैसे आले म्हणून लगेच गिटारच्या महागड्या पेडलच्या (आवाज बदलवणारी, पायानं दाबाची डबी) मागं लागू नको. क्लॉन सेंटॉर नावाचा महागडा पेडल १९९४ ले आला, आतलं सर्किट इपॉक्सीनं (कडक होणाऱ्या गोंदानं) झाकलेलं, तरी लोकांनी उकलून काढलंच, अन आता सोल फूडसारखे स्वस्त पेडल त्याच धर्तीवर बनतात. तुले सध्या तेच बस झालं.

- दोन पेडल ताडून पाहाचे असन तर आधी आवाज सारखा कर, जो जोरात वाजते तोच कानाले भारी वाटते, सारे इथंच फसतात.
- गेन (आवाज फाटवाचं बटन) कमी, व्हॉल्यूम जास्त. पहिल्या गणपतीत म्या गेन फुल ठेवला, ढोलकीपुढं माही गिटार ऐकूच नाही आली.
- ॲडाप्टर ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्हच (पिनेच्या मधात मायनस) पाह्यजो.

पेडलच्या आतल्या डायोड-चिपचं मंग सांगतो, आता वाजव.