वाचकांचे प्रश्न : पिल्लांचा पहिला पंधरवडा

शोभिवंत माशांविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच तक्रार आहे. मासे अंडी घालतात, पिल्लेही निघतात, पण ती जगत नाहीत. म्हणून या वेळी केवळ घरगुती पैदाशीविषयीचे प्रश्न निवडले आहेत. उत्तरे लिहिताना आपली टाकी किमान दीड महिना चालू आहे असे मी गृहीत धरले आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो; त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ मोठ्या माशांनाही जड जातो, मग पिल्लांची काय कथा?

प्रश्न : आमच्या गप्पी मादीला रात्री तीसेक पिल्ले झाली. सकाळी पाहिले तर चारच उरली होती. पाण्यात काही दोष असेल का? (सांगली)

पाण्याच्या दोषाने मेलेली पिल्ले तळाशी किंवा फिल्टरला चिकटलेली सापडतात. आपल्याला ती सापडली नाहीत, त्याअर्थी ती मोठ्या माशांनी आणि बहुधा त्यांच्या आईनेच खाल्ली असावीत. गप्पीमध्ये अपत्यसंगोपन नाही. समोर हलणारी, तोंडात मावणारी वस्तू हे तिच्या दृष्टीने खाद्यच असते. तेव्हा मादीवर रागावू नये, पिल्लांना लपायला जागा द्यावी. हायड्रिला किंवा जावा मॉस टाकीच्या निम्म्या भागात पृष्ठभागापर्यंत दाट वाढू द्यावे. नवजात पिल्ले वरच्या थरात, वनस्पतींच्या गुंत्यात आसरा घेतात, त्यामुळे तळाशी ठेवलेले दगड व शोभेच्या वस्तू त्यांच्या फारशा उपयोगी पडत नाहीत.

दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये मादीला अनेक दिवस कोंडून ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही. त्या अरुंद जागेत ती घाबरते, आदळते आणि कधी कधी अपुऱ्या वाढीची पिल्ले टाकते. त्यापेक्षा पंधरा-वीस लिटरची वनस्पतींनी भरलेली वेगळी टाकी तयार ठेवावी. मादीचे पोट बाजूने पाहता चौकोनी दिसू लागले आणि शेपटीकडचा गडद डाग अधिक काळा झाला, की तिला अलगद तिकडे हलवावे आणि पिल्ले झाल्यावर परत आणावे. दोन विणींमध्ये साधारण चार आठवड्यांचे अंतर असते. एकदा संयोग झालेली मादी नराचे शुक्राणू काही महिने साठवू शकते, त्यामुळे टाकीत नर नसतानाही ती पुन्हा पुन्हा विते.

गप्पीच्या पिल्लांचे तोंड जन्मतःच बऱ्यापैकी मोठे असते, म्हणून चिमटीत बारीक चुरलेले कोरडे खाद्य त्यांना पहिल्या दिवसापासून चालते. मात्र ते दिवसातून तीन-चार वेळा आणि अगदी थोडे द्यावे. महिन्याभरात नराच्या पोटाखालचा पर निमुळता, काडीसारखा होऊ लागतो. तो दिसताच नर व माद्या वेगळ्या कराव्यात.

प्रश्न : फायटर माशांची जोडी लावली. नराने बुडबुड्यांचे घरटे केले, अंडी फुटली, शेकडो पिल्ले दिसली. मादी मी काढून घेतली होती. पिल्ले पोहू लागल्यावर उकडलेल्या अंड्याचा बलक दिला, पण पाच-सहा दिवसांत सारी मेली. असे दोनदा झाले. (चिपळूण)

आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण सुरुवातीच्या काळात माझ्याही तीन विणी अशाच गेल्या होत्या. जोडी लावण्याचे काम आपण नीट केले आहे. उणीव राहिली ती पिल्लांच्या पहिल्या अन्नाची.

अंडी साधारण दीड दिवसात फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवस पिल्ले शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळत राहतात आणि पोटाखालच्या बलकपिशवीवर जगतात. एखादे निसटून तळाकडे जाऊ लागले की नर खाली झेपावतो, ते तोंडात धरतो आणि पुन्हा बुडबुड्यांत नेऊन ठेवतो. हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, त्याला या माशाला केवळ भांडखोर म्हणवत नाही. पुढे पिल्ले आडवी होऊन पोहू लागतात, त्याच दिवशी नराला बाहेर काढावे. आणि त्याच दिवशी बलकपिशवीही संपलेली असते. तेव्हापासून त्यांना जिवंत, हलणारे आणि डोळ्यांना जेमतेम दिसेल इतके सूक्ष्म अन्न हवे असते. बलकाचे कण बहुतांश पिल्ले ओळखतच नाहीत; ते तळाशी बसून सडतात आणि इवल्याशा टाकीतील पाणी एका रात्रीत नासवतात. म्हणजे पिल्ले एकाच वेळी उपाशीही राहतात आणि विषारी पाण्यातही सापडतात.

म्हणून जोडी लावण्यापूर्वी आठवडाभर आधी इन्फुसोरियाची, म्हणजे पाण्यातील सूक्ष्म जीवांची, बरणी लावावी. जुन्या टाकीतील पाणी बरणीत भरून त्यात वाळलेल्या केळीच्या सालीचा बोटभर तुकडा किंवा कोबीचे सुकवलेले पान टाकावे, वर विरळ कापड बांधावे आणि बरणी उजेडात, परंतु कडक उन्हापासून दूर ठेवावी. दोन दिवसांत पाणी दुधाळ होते व त्याला वास येतो. हा जिवाणूंचा टप्पा आहे, या वेळी ते पाणी वापरू नये. आणखी तीन-चार दिवसांनी दुधाळपणा निवळतो. मग बरणी उजेडासमोर धरून भिंगातून पाहिले तर धुळीसारखे कण आपल्या गतीने फिरताना दिसतात. पिल्ले पोहू लागल्यापासून हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा, ड्रॉपरने थोडे थोडे सोडावे. एक बरणी फसू शकते, म्हणून दोन दिवसांच्या अंतराने दुसरी लावून ठेवावी.

चार-पाच दिवसांनंतर आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या इवल्याशा जीवांची, पाळी येते. एक लिटर पाण्यात पंचवीस ते तीस ग्रॅम खडे मीठ विरघळवून त्यात आर्टेमियाची अंडी पाव चमचा घालावीत, एअर पंपाने पाणी सतत ढवळत ठेवावे आणि उजेड द्यावा. २८ अंश सेल्सिअसच्या आसपास चोवीस ते छत्तीस तासांत पिल्ले निघतात. पंप बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी कवचे वर तरंगतात आणि नारिंगी रंगाची पिल्ले उजेडाकडे गोळा होतात. ती बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन मगच द्यावीत. फायटरच्या पिल्लांनी ती खाल्ली की नाही हे ओळखण्याची खूण फार स्पष्ट आहे: अर्ध्या तासात त्यांची पारदर्शक पोटे नारिंगी दिसू लागतात. अशी नारिंगी पोटे दिसली की पहिला मोठा अडथळा ओलांडला असे मी मानतो.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. फायटर पृष्ठभागावरील हवाही श्वासात घेतो, मात्र त्यासाठी लागणारा अवयव पिल्लांत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विकसित होतो. त्या सुमारास पाण्यावरची हवा थंड आणि कोरडी असेल तर अनेक पिल्ले दगावतात, म्हणून टाकीवर काच ठेवावी आणि हवा येण्यापुरती फट राखावी. दुसरे असे की, पाण्याची उंची सुरुवातीला दहा-बारा सेंटीमीटरच असावी आणि स्पंज फिल्टर अगदी मंद चालवावा. हा स्पंज महिनाभर आधीपासून मोठ्या टाकीत फिरवलेला असेल तर त्यात जिवाणू आयतेच वसलेले असतात. कोकणात देशी बदामाची झाडे दारोदारी असतात; आपोआप गळलेले, तपकिरी वाळलेले एक पान धुऊन टाकीत ठेवावे. त्याने पाणी चहासारखे होते, ते फायटरला मानवते आणि पानावर वाढणारे सूक्ष्म जीव पिल्लांच्या तोंडीही लागतात.

प्रश्न : गोल्डफिशच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके आले आहेत. दुकानदाराने औषध दिले आहे. टाकीतच सारे औषध घालू का? (नाशिक)

औषध घालण्यापूर्वी मासा उजेडात, बाजूने नीट पाहावा. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर, एका ओळीत मांडल्यासारखे असतील, मासा नीट खात असेल आणि दुसऱ्या माशाच्या पोटाशी तोंड लावून पाठलाग करत असेल, तर तो विणीच्या हंगामातील निरोगी नर आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात ठिपके अंगभर व शेपटीवर विखुरलेले असतात, आणि मासा दगडाला किंवा तळाला अंग घासतो. आपल्या वर्णनात अंग घासण्याचा उल्लेख नाही, त्यामुळे औषध तूर्त बाजूला ठेवावे.

थंडी सरून पाणी हळूहळू कोमट होऊ लागले की गोल्डफिश बहुधा पहाटे अंडी घालतात. अंडी चिकट असल्याने वनस्पतींना चिकटून राहतात. ती वनस्पतींसह दुसऱ्या टाकीत हलवावीत, नाहीतर दुपारपर्यंत आईबाप ती फस्त करतात. पिल्लांचा रंग आरंभी मातकट असतो आणि सोनेरी होण्यास काही महिने लागतात, म्हणून ती साधी निपजली असे समजून निराश होऊ नये.

प्रश्न : एंजल माशांची जोडी दर पंधरवड्याला फिल्टरच्या नळीवर अंडी घालते, पण सर्व अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. (ठाणे)

पांढरे पडलेले अंडे मेलेले किंवा मुळातच न फळलेले असते. एखाद-दुसरे पांढरे पडणे स्वाभाविक आहे. प्रत्येक वेळी सारीच पडत असतील तर पहिली शंका अशी घ्यावी की आपली जोडी दोन माद्यांची आहे. एंजलमध्ये नर-मादी बाहेरून ओळखणे अवघड असते आणि दोन माद्या एकत्र येऊन अंडी घालतात, हे अनेकांना ठाऊक नसते. अंडी घालताना दोघींच्याही पोटाखालची नळी पाहावी. मादीची जाड व बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार.

दोघांत एक नर निश्चित असेल तर पाण्याकडे वळावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन अंड्यांना घातक असते. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्यास ते बरेचसे उडून जाते. घाई असेल तर दुकानात हायपो या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट सांगितलेल्या मात्रेत वापरता येते. बोअरवेलचे जड पाणीही एंजलच्या अंड्यांना मानवत नाही, जरी गप्पी व मॉली त्याच पाण्यात आनंदाने वाढतात. अंडी वाचवायची झाल्यास नळीऐवजी पाटीचा तिरका तुकडा ठेवावा, त्यावर अंडी घातली की तो त्याच टाकीतील पाणी भरलेल्या बरणीत उचलून न्यावा, जवळ हवेचे मंद बुडबुडे सोडावेत आणि बुरशी रोखण्यासाठी पाणी फिकट निळे दिसेल इतकेच मेथिलीन ब्ल्यू घालावे. २७-२८ अंशांवर अडीच दिवसांत अंडी फुटतात आणि त्यानंतर साधारण पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. ती थेट आर्टेमिया खातात.

प्रश्न : आमच्याकडे रोज तीन-चार तास वीज जाते. पिल्लांच्या टाकीचे काय करावे? (लातूर)

बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घ्यावा. तो मिळेपर्यंत वीज नसताना खाद्य देऊ नये, टाकीत पिल्लांची गर्दी होऊ देऊ नये आणि दर अर्ध्या तासाने तांब्याभर पाणी काढून ते वीतभर उंचीवरून हळूहळू परत सोडावे.

प्रश्न : गप्पी आता दोनशेवर गेले आहेत. काहींची पाठ वाकडी आहे. गावच्या ओढ्यात सोडले तर डासही कमी होतील, असे घरचे म्हणतात. (भोर)

कृपया सोडू नयेत. डासांच्या निर्मूलनासाठी आरोग्य विभाग गप्पी मासे वापरतो, हे खरे आहे. परंतु ते बांधीव हौद आणि साचलेली डबकी यांच्यापुरते ठीक असते. वाहत्या ओढ्यात गप्पी हा परका मासा आहे. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात व जवळच्या त्रिनिदाद बेटावर आहे. तो डासांच्या अळ्यांबरोबर स्थानिक माशांची अंडी व लहान पिल्लेही खातो आणि एकच गाभण मादी नवी वसाहत उभी करू शकते. आपल्या ओढ्यांत पृष्ठभागालगत फिरणारे, डोक्यावर चकाकता ठिपका असलेले इवलेसे अॅप्लोचिलस मासे आहेत. डासांच्या अळ्या खाण्याचे काम ते पूर्वीपासून करत आले आहेत. सह्याद्रीतील कित्येक मासे जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत. २०१३ मध्ये केरळ व कर्नाटकातील नद्यांमधल्या लाल पट्ट्याच्या बार्ब माशांच्या प्रजातीला (जीनस) शास्त्रज्ञांनी सह्याद्रिया हे नाव दिले, तेही याच डोंगराचे. आपल्या हौसेपायी त्यांच्या घरात पाहुणे घुसवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाठ वाकडी होण्यामागे बहुधा जवळच्या नात्यातील पैदास असते. तसे मासे पैदाशीतून वगळावेत, उरलेल्यांतून नर व माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवून संख्या थांबवावी, आणि पुढच्या खेपेस दुसऱ्या घरचा नर आणावा. जास्तीचे निरोगी मासे शोभिवंत माशांच्या दुकानदाराला किंवा हौशी मित्राला द्यावेत. टाकी साफ करताना निघणारे पाणीही ओढ्यात ओतू नये, कारण त्यात गोगलगाईंची अंडी आणि वनस्पतींचे तुकडे असतात. ते अंगणातल्या झाडांना घालावे. त्यातील नायट्रेटमुळे जास्वंद व तुळस चांगली वाढते.