घरी तीन लहान मुली असताना फ्रान्त्स येगरश्टेटरने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला, हा स्वार्थीपणा नव्हता का? आणि बिशपचं न ऐकणाऱ्या माणसाला चर्चने धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) कसं ठरवलं?

तुमचा पहिला प्रश्न माझ्या आईने फार पूर्वी विचारला होता, फक्त तुमच्याइतक्या सभ्य शब्दांत नव्हे. आम्ही वसईकडचे, कॅथलिक, घरची वाडी. एका रविवारी फादरांनी प्रवचनात या ऑस्ट्रियन शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. मिस्सा संपवून घरी येता येता आई म्हणाली, "तो गेला स्वर्गात. मागे त्या बाईने शेत कुणाच्या जिवावर करायचं?" तेव्हापासून मला या गोष्टीत आधी ते शेतच दिसतं.

सेंट रादेगुंड हे अप्पर ऑस्ट्रियातलं, बव्हेरियाच्या सीमेजवळचं खेडं. फ्रान्त्स तिथे 1907 साली जन्मला. आई मोलमजुरी करणारी, बापही गरीब. लग्न करायलाही पैसे नव्हते, म्हणून दोघांचं लग्न झालंच नाही. बाप पहिल्या महायुद्धात मेला. पोराला आजीने वाढवलं. 1917 मध्ये आईने येगरश्टेटर नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केलं आणि त्याने मुलाला आपलं नाव दिलं. म्हणजे जमीन त्याच्याकडे आली ती सावत्र बापाकडून.

लहानपणापासून देवभोळा वगैरे प्रकार नव्हता. तीन वर्षं तो आयझेनएर्त्सच्या लोखंडाच्या खाणीत राबला. गावातली पहिली मोटारसायकल त्याची. 1933 मध्ये त्याला लग्नाशिवाय एक मुलगीही झाली. संतचरित्रं लिहिणारे हे वाक्य भरभर उरकतात, पण मला तर त्यामुळेच हा माणूस खरा वाटतो. 1936 च्या पवित्र गुरुवारी त्याने फ्रान्सिस्काशी लग्न केलं आणि दोघं थेट रोमला गेली. पुढे तीन मुली झाल्या. गावाचं मत पक्कं होतं: हिच्या नादाने तो इतका देवदेव करायला लागला. फ्रान्सिस्काच्या सासूचाही सुरुवातीला तोच राग.

1938 च्या जानेवारीत त्याला स्वप्न पडलं. डोंगराला वळसा घालत एक देखणी आगगाडी येते, माणसं आणि खास करून मुलं तिच्याकडे धावतात, आणि आवाज येतो, ही गाडी नरकात चालली आहे. दोन-तीन महिन्यांत जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. 10 एप्रिलच्या सार्वमतात गावातून विरोधी मत एकट्या फ्रान्त्सचं होतं. वर कळवलेला आकडा मात्र शंभर टक्के होकाराचा!

इथे एक गैरसमज काढतो. त्याने आयुष्यात कधी बंदूकच धरली नाही असं नाही. 1940-41 मध्ये तो सहा-सात महिने सैन्यात होता. शेताला माणूस हवा म्हणून त्याला घरी सोडलं. तिथे पाहिलेल्यावर त्याने घरी बसून विचार केला. अप्पर ऑस्ट्रियातच, हार्टहाइमला, मनोरुग्णांना आणि अपंगांना मारलं जात होतं, तेही त्याच्या कानावर आलं. दुसऱ्यांचे देश लुटायला निघालेलं हे युद्ध अन्यायाचं आहे आणि कॅथलिक माणसाला त्यात सामील होता येत नाही, असं त्याचं सरळ म्हणणं. जखमींची सेवा करायची मात्र त्याची तयारी होती. ते मान्य झालं नाही.

तो लिंझला बिशप फ्लीसर यांना भेटायला गेला. त्यांचं उत्तर साधारण तुमच्या प्रश्नासारखंच होतं: तुझी पहिली जबाबदारी कुटुंब, सरकारच्या कृत्यांचा जाब तुझ्याकडे कुणी मागणार नाही. बाहेर आल्यावर फ्रान्त्स बायकोला म्हणाला की त्यांना बोलायची भीती वाटते.

1 मार्च 1943 ला तो एन्सच्या बराकीत हजर झाला आणि लढणार नाही म्हणून सांगितलं. आधी लिंझचा तुरुंग, मग मे महिन्यात बर्लिनचं टेगेल. 6 जुलैला राईखच्या लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. त्यानंतर फ्रान्सिस्का गावच्या फादरांना घेऊन बर्लिनला गेली. भेट मिळाली वीस मिनिटं. तुरुंगातल्या पाद्रीबाबांनी त्याला सांगितलं की वर्षभरापूर्वी फ्रान्त्स रायनिश नावाच्या धर्मगुरूनेही हिटलरच्या नावाची शपथ नाकारली आणि तोही याच वाटेने गेला. तेव्हा आपण वेडे नाही, हे ऐकून त्याच्या जिवात जीव आला. 9 ऑगस्ट 1943 ला दुपारी चार वाजता ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला.

चर्चचं म्हणाल तर, ते लगेच वळलं नाही. युद्धानंतरही बिशप फ्लीसर यांनी त्याच्यावरचा लेख छापू दिला नाही. त्यांच्या मते खरे वीर म्हणजे कर्तव्य म्हणून लढून मेलेले कॅथलिक तरुण. हे क्रूर वाटतं, पण लिंझच्या किती घरांत असा फोटो भिंतीवर असेल याचा विचार करा. फ्रान्त्सला बरोबर म्हणायचं तर त्या घरांना काय सांगायचं? पुढे गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1964 मध्ये त्याच्यावर पुस्तक काढलं, तेव्हा जगाला नाव कळलं. 1997 मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली आणि 26 ऑक्टोबर 2007 ला लिंझमध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं. न ऐकलेल्या बिशपच्याच गावात.

आता स्वार्थ. किंमत दुसऱ्या कुणी मोजली, हे तुमचं खरं आहे. शेत फ्रान्सिस्काने केलं, सासूला सोबत घेऊन, पदरात तीन पोरी. तो तुरुंगात असताना दोघांच्या पत्रांत देवाच्या गोष्टींबरोबर शेतातली कामंही आहेत. शेजाऱ्यांची बोलणी तिने खाल्ली. पतीच्या पेन्शनसाठी तिला 1950 पर्यंत थांबावं लागलं, कारण सरकारच्या लेखी तो युद्धात मेलेलाच नव्हता.

म्हणून त्याला स्वार्थी म्हणायचा हक्क असलाच तर तिला होता. तिने आधी त्याची समजूत घालून पाहिली होती, विनवलं होतं. मग सगळं गाव, सगळे नातेवाईक त्याच्याशी वाद घालताना पाहिलं आणि ती थांबली. मीही बाजूला झाले असते तर त्याला कुणीच उरलं नसतं, असं ती पुढे सांगायची. 2007 च्या त्या सोहळ्यात ती हजर होती, चौऱ्याण्णव वर्षांची. 2013 मध्ये, शंभरी भरल्यावर काही दिवसांनी, ती गेली.

हे मी आईला सांगितलं. तिला फ्रान्त्सचं अजूनही पटलेलं नाही. पण घरच्या रोझरीत ती कधीमधी फ्रान्सिस्काचं नाव घेते.