झोप येते की घ्यायची असते?

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. आरोग्य सप्ताहासाठी ती मराठीत भित्तिपत्रक करते आहे. विषय आहे अपुरी झोप, ताण आणि कॉलेजातल्या मुलींची तब्येत. तिची अडचण तिच्याच शब्दांत: ‘आम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाग्या असतो, त्याला निद्रानाश म्हणायचं का? जागरण लिहिलं तर मैत्रिणी विचारतात, खंडोबाचं का? स्ट्रेसला ताण लिहू की तणाव? आणि पहाटेच्या झोपेला एखादा चांगला शब्द आहे का?’

निद्रानाश लिहू नकोस, हे आधी सांगून टाकते. शब्द चांगला आहे, पण तुमच्यातल्या बहुतेकींना तो लागू नाही. अंथरूण आहे, अंधार आहे, हाताशी वेळ आहे आणि तरी डोळ्याला डोळा लागत नाही, किंवा पहाटे तीनला जाग येते ती येतेच. असं आठवड्यातून निदान 3 रात्री आणि 3 महिने चाललं, दिवसाची कामंही त्यामुळे अडू लागली, तर वैद्यक त्याला जुनाट निद्रानाश म्हणतं. तू तर लिहितेस, पुस्तकावर डोकं टेकलं की दोन मिनिटांत झोप लागते. मग निद्रेचा नाश कुठे झाला? ती बिचारी दाराशी ताटकळत उभी आहे.

शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेत तो असाच, निद्रानाश म्हणून येतो आणि त्याच्या कारणांत वात-पित्ताच्या जोडीला मनस्ताप सांगितला आहे. हल्ली रिक्षा मिळाली नाही तरी आपल्याला मनस्ताप होतो. पण मनाला लागलेली धग हा त्याचा मूळ अर्थ धरलास, तर तुझ्या भित्तिपत्रकाचे दोन्ही विषय त्या एका ओळीत सापडतील. संस्कृतात प्रजागर असाही एक शब्द आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागरपर्व म्हणून एक भाग आहे. पांडवांकडून परतलेला संजय त्यांचा निरोप उद्या सभेत सांगतो म्हणून निघून जातो, आणि धृतराष्ट्राला झोप लागेना म्हणून तो विदुराला बोलावून घेतो. झोप कुणाची उडते, तर बलवानाने घेरलेल्या साधनहीन दुर्बळाची, धन हरपलेल्याची, कामी माणसाची आणि चोराची, असं विदुर सांगतो. परीक्षार्थींचा वेगळा उल्लेख नाही, पण पहिल्या वर्गात त्यांची सोय होण्यासारखी आहे! प्रजागर मराठीत रुळला नाही, तेव्हा तो भित्तिपत्रकावर नको.

आता जागरण. हे करावं लागतं, आपोआप होत नाही. खंडोबाचं, मंगळागौरीचं, हरितालिकेचं जागरण ठरवून होतं. कोजागरीला तर ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारलंच जातं. कर्ता जागा राहतो आणि जागं राहण्याला काही कारण असतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीला हा शब्द चपखल बसतो, मैत्रिणी हसल्या तर हसू देत. त्याच्याबरोबर येणारं क्रियापदही घे: जागरण बाधतं. शिळं अन्न बाधावं, गार वारा बाधावा, तसंच. मंगळागौरीची रात्र फुगड्या-झिम्म्यांत गेली की दुसऱ्या दिवशी बायका दुपारी आडव्या होत. रोज मंगळागौर असेल तर आडवं कधी व्हायचं? म्हणून एका रात्रीला जागरण म्हण, रोजचंच झालं तर सरळ ‘अपुरी झोप’ लिही.

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जिला तू नावच दिलेलं नाहीस. खोलीत चौघी, एकीचा दिवा दीडपर्यंत चालू, आंघोळीच्या पाण्यासाठी पाचला रांग, मध्येच वॉर्डातली रात्रपाळी. ही झोपमोड. हिचा कर्ता झोपणारी नसतेच. जागरण आपण करतो, झोप येत नाही म्हणजे ती आपली आपण येत नाही, आणि झोपमोड दुसरं कुणी करतं. तीन शब्द आहेत आणि तिन्हींत बोट वेगवेगळ्या दिशेला जातं. सगळ्यांवर निद्रानाश असा एकच शिक्का मारलास, तर पाचच्या पाण्याची जबाबदारी मुलीच्या मेंदूवर जाऊन पडते.

रात्रपाळीचा विषय निघालाच आहे, तर पाळी या शब्दाकडेही बघ. मूळ अर्थ खेप, क्रम. कामाची पाळी आणि महिन्याची पाळी, दोन्हीकडे तोच शब्द आहे, आणि शरीरातही एकीचा दुसरीला उपसर्ग पोचतो. ताण वाढला, झोप तुटली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून अंडाशयापर्यंत जाणारे इशारे मंदावू शकतात आणि बीजांड उशिरा सुटतं. ते सुटल्यापासून पुढची पाळी साधारण दोन आठवड्यांनी येते, हा हिशेब फारसा हलत नाही. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणून परीक्षेच्या महिन्यात ‘पाळी पुढे गेली’ असं ऐकू येतं. भित्तिपत्रकावर हाच वाक्प्रचार घाल, ‘मासिक चक्रातील अनियमितता’ कुणी वाचत नाही. आणि 3 महिने पाळी आलीच नाही तर ताणावर ढकलून गप्प बसू नये, डॉक्टरांना दाखवावं, हेही लिही. दुखणं अंगावर काढणं हा प्रयोग आपल्याकडे बायकांच्या संदर्भातच जास्त ऐकला आहे मी.

थकव्याबद्दल तू लिहिलं आहेस, पण भुकेचं राहिलं. झोप तुटली की भूक खवळते, आणि तीही गोड-तळकटाची. यावरचा एक गाजलेला प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला. दोन रात्री फक्त 4-4 तास झोपू दिल्यावर पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं आणि भूक जागवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं. प्रयोगातले 12 जण तिशीच्या आतले तरुण पुरुष होते, मुलगी एकही नाही. मुलींच्या भित्तिपत्रकावर हे आकडे टाकणार असलीस तर तेवढं प्रामाणिकपणे नोंदव. दुसरं म्हणजे रात्री अंथरुणात पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, ही तक्रार. लोह कमी असलं की ती होऊ शकते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा पायांची ही वळवळ नुसत्या टेन्शनच्या नावावर खपवू नये.

आता मला खरं बोलायचं आहे ते ‘घेणे’ या क्रियापदाबद्दल. तुझ्या मसुद्याच्या तळाला दोन ओळी आहेत: ‘पुरेशी झोप घ्या. ताण घेऊ नका.’ दोन्हींत एकच क्रियापद आहे आणि दोन्हींत मला ते खटकतं. डुलकी घेता येते, ती लहान असते. झोप काढतातही, पण ती दुपारची किंवा चोरून. रात्रीची खरी झोप मराठीत आपण होऊन येते, लागते, पुरी होते. ‘मला झोप येते’ या वाक्यात कर्ता झोप आहे, मी नाही. ताणाचंही तसंच आहे: ताण येतो, पडतो, असह्य होतो. ‘टेन्शन घेऊ नको’, ‘लोड घेऊ नको’ यांत तो जणू मुलीने ताटात वाढून घेतलेला असतो. धसका घेणे, मनाला लावून घेणे हे जुने प्रयोग आहेत, मान्य आहे, म्हणून हे घेणे मराठीला परकं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या जुन्या प्रयोगांत तक्रार असते, सल्ला नसतो. फी भरायची आहे, घरून लग्नाचं विचारतायत, सकाळी सातला वॉर्डात उभं राहायचं आहे, अशा मुलीला ‘ताण घेऊ नकोस’ म्हणणं म्हणजे पावसात उभ्या असलेलीला भिजू नकोस म्हणणं.

ताण की तणाव? ताण लिही. माझा कान असा की ताण एकावर पडतो, तणाव दोघांत असतो. डोळ्यांवर ताण, मनावर ताण. पण नात्यात तणाव, सीमेवर तणाव, गावात तणावपूर्ण शांतता. जुन्या मराठीत तणावा म्हणजे तंबूचा दोर, आणि दोराला दोन टोकं लागतातच. शाळेत पृष्ठताण शिकलीस, तिथेही टेन्शनलाच ताण म्हटलं होतं. ‘ताणतणाव’ या जोडशब्दाने भागत असेल तर माझी हरकत नाही, फक्त तो सरकारी परिपत्रकासारखा वाजतो.

याच ‘ताण’चं क्रियापद ताणणे. भूक ताणावी, तुटेपर्यंत ताणू नये, हे त्याचे एका बाजूचे प्रयोग. आणि तेच क्रियापद ‘ताणून देणे’ झालं की अर्थ होतो मस्त पाय पसरून गाढ झोपणे! ‘रविवारी दुपारी ताणून दिली’ असं म्हणताना मनावरच्या ताणाची आठवणही होत नाही. तुला मथळा हवा होता ना? ‘ताण आला? ताणून द्या!’ असा करून बघ. वॉर्डन मॅडमना आवडेल असं नाही.

पहाटेच्या झोपेला शब्द आहेच: साखरझोप. नुसतं लाडाचं नाव नाही ते. स्वप्नांची झोप, जिच्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, ती रात्रीच्या शेवटच्या भागात सगळ्यात जास्त असते. दोनला निजून पाचच्या घंटेला उठणारीची झोप निम्म्याहूनही कमी होते हे खरंच, पण त्यातही साखरझोपेचा वाटा जास्त जातो. आणि उशिरा उठणारीला ‘सूर्यवंशी’ म्हणून चिडवायची रीत आहे, ती या सप्ताहापुरती तरी बंद ठेवा. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळच थोडं मागे चालतं, रात्री झोप उशिरा येते.

तेव्हा तळाच्या दोन ओळी अशा करून बघ: ‘रात्री 7 तास तरी झोप पुरी होऊ द्या. अकरानंतर खोलीतला मोठा दिवा बंद.’ दुसरी ओळ मराठी म्हणून काही विशेष नाही, पण ती खोलीतल्या चौघींनाही वाचायला लाव.