समोरच्याचे बोलणे संपण्याआधी

प्रश्न : मी संज्ञापन विषयात एम. ए. करीत आहे. दोन व्यक्तींमधील संवाद अभ्यासताना मेंदूविज्ञानाचा खरोखर उपयोग होतो का, की मेंदूच्या रंगीत चित्रांमुळे साध्या विधानालाही उगाच वजन येते?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. इटलीतील पार्मा येथे माकडांच्या मेंदूत सापडलेल्या ‘मिरर न्यूरॉन’ पेशींच्या (स्वतः कृती करताना आणि तीच कृती दुसऱ्याला करताना पाहूनही सक्रिय होणाऱ्या) आधारे माणसाच्या सहानुभूतीपासून भाषेपर्यंत सारे उलगडल्याचे दावे झाले आणि त्यांतील बरेचसे पुराव्याच्या फार पुढे धावलेले होते. मात्र संवादाच्या अभ्यासकांनी आधी नेमका प्रश्न उभा केला असेल, तर मेंदूविज्ञानाची मदत मोलाची ठरते.

दहा भाषांतील संभाषणांची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. हो-नाही स्वरूपाचा प्रश्न संपल्यापासून प्रतिसाद सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलीसेकंद जातात, असे त्यात आढळले. याउलट, एखाद्या वस्तूचे चित्र पाहून तिचे नाव उच्चारायलाच सुमारे ६०० मिलीसेकंद लागतात. म्हणजे समोरची व्यक्ती बोलत असतानाच उत्तराची जुळवाजुळव सुरू होत असली पाहिजे. पण नक्की केव्हा, हे ध्वनिमुद्रण कितीही वेळा ऐकले तरी कळणार नाही, कारण तोंड उघडेपर्यंत त्या तयारीचा बाहेर मागमूस नसतो.

नेदरलँड्समधील नायमेगेनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारताना ईईजी, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी टिपलेला मेंदूच्या विद्युत हालचालींचा आलेख, नोंदवला. उत्तर सुचवणारा शब्द काही प्रश्नांत मध्येच, तर काहींत अगदी शेवटी ठेवला होता. तो कानी पडल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत, प्रश्न अजून चालू असतानाही, तयारीच्या खुणा दिसल्या. (मेंदूची रंगीत चित्रे देणारा एफएमआरआय येथे कामाचा नाही, तो रक्तप्रवाहातील बदल टिपतो आणि त्याला काही सेकंद लागतात.) अर्थात, ही प्रयोगशाळेतील प्रश्नमंजूषा होती, घरातल्या वादात माणूस काय ऐकून घेतो आणि काय टाळतो, हे त्यातून समजत नाही.

मराठीपुरते पाहिले, तर क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे श्रोत्याला अधिक थांबावे लागेल असे वाटते. पण जपानीतही क्रियापद शेवटीच येते आणि त्या दहा भाषांत सर्वांत कमी अंतर जपानीतच आढळले. प्रबंधासाठी आपण मराठी संभाषणे ध्वनिमुद्रित करून ही अंतरे मोजावीत, असे मी सुचवेन. ईईजीची गरज त्यानंतर ठरवता येईल.